स्लोवर न टिकणारी गाडी

त्याला सगळे भिंगरी म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव असणारच, कुठल्याशा दाखल्यावर ते लिहिलेलंही असेल, पण त्या नावानं कोणी हाक मारली असती तर तोच मागे वळून बघत राहिला असता की कोणाला बोलावताहेत. पायाला भिंगरी लागली म्हणतात ना, तशी याच्या सगळ्या अंगाला लागलेली होती. जेवायला बसला की दुसऱ्या घासाला उठायचा. का, तर "नळ चालू राहिला वाटतं." नळ बंद असायचा. न्हाव्याकडे गेला की न्हावी आधीच बजावायचा, "हे बघ, कान कापला गेला तर मी जबाबदार नाही." लग्नात फोटोवाल्यानं "हलू नका" म्हटलं आणि हा नेमका तेव्हाच हलला. आजही त्या फोटोत नवरी ठळक आहे आणि नवऱ्याच्या जागी धुरकट असं काहीतरी उभं आहे. बायको तो फोटो दाखवताना म्हणायची, "हे आमचे हे. अजूनही असेच दिसतात."

अशा माणसाच्या वाट्याला धंदा कोणता यावा? बर्फ वाहायचा! कापूस घ्यावा, लाकूड घ्यावं, पडून राहिलं तरी लाकडाचं काही बिघडत नाही. पण नाही. दुपारी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरायच्या, वर गोणपाट टाकायचं आणि ऊन डोक्यावर घेऊन मासळीबाजार, दवाखाना, थंड पेयांची दुकानं असं धावत सुटायचं. सिग्नलला थांबलं की मागून थेंब थेंब गळायला लागायचं, आणि ते थेंब याच्या काळजातून गळत. आधीच उल्हास, त्यात हा बर्फ.

गाडी वडिलांची. जुना, लहानसा पेट्रोलचा ट्रक, नाक नसलेला, चपट्या तोंडाचा. इंजिन पुढे नाही, ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीशी एका लोखंडी झाकणाखाली. सीट पार पुढे ढकलल्याशिवाय ते झाकण उघडायचं नाही. वडिलांनी झाकणाला एका बाजूनं हाताएवढी खिडकी पाडून ठेवली होती. त्यातून लांब स्क्रू-ड्रायव्हर आत घातला की कार्बोरेटरचे स्क्रू फिरवता येत. दिसत मात्र काही नसे, सगळा अंदाजाचा कारभार.

वडील गेले आणि गाडी दोन भावांच्या हातात आली. धाकटा भाऊ सकाळी घेऊन जायचा. दवाखान्यांच्या चादरी-उशांचे गठ्ठे धोबीखान्यात नेऊन टाकायचे, धुतलेले परत आणायचे. दुपारी किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर लागली की भिंगरी ती उचलायचा. भिंगरी उंच, आईच्या माहेरच्या माणसांसारखा. धाकटा वडिलांच्या चणीचा, बुटका, आटोपशीर. रोज दुपारी भिंगरी गाडीत चढला की पहिली गोष्ट म्हणजे सीट खट्कन मागे सारायची, आणि रोज सकाळी धाकटा ती खट्कन पुढे ओढायचा. दोन भाऊ एक गाडी वापरतात म्हटल्यावर एवढं चालायचंच.

बिघाड कधी सुरू झाला, ते आता घरात कोणालाच नीट सांगता आलं नसतं. वडील जाऊन काही महिने झाले असतील. गाडी स्लोवर टिकेना. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन हळूहळू घुरघुरत चालू राहतं, त्याला ड्रायव्हर लोक स्लो म्हणतात. भिंगरीच्या हातात गाडी आली की स्लोवर ती अशी धडधडायची की आरसा हलून मागचं सगळं जग दोन-दोन दिसायचं. मागून काळा धूर. पेट्रोलचा वास. आणि मासळीबाजाराच्या चढावर, नेमकी पुढे हातगाडी आडवी आली असताना, धप्कन बंद. मग तो काय करायचा? खिडकीतून स्क्रू-ड्रायव्हर घालायचा आणि पेट्रोल कमी करणारा स्क्रू अर्धा फेरा आवळायचा. मग जरा बरं चालायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याच्या हातात तीच गाडी शिंकायला लागायची. फट्, फट्, आणि बंद. पेट्रोल पुरेना. तो बिचारा चोक ओढायचा. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप; समोरची मूठ ओढली की केबल ताणून ती झडप मिटते, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, थंड इंजिन चालू होतं. मूठ परत ढकलली की झडप उघडते, उघडायला हवी. आता चोक ओढून धोबीखान्यापर्यंत किती चालवणार? म्हणून मग तोही खिडकीतून स्क्रू-ड्रायव्हर घालायचा आणि तोच स्क्रू अर्धा फेरा सोडायचा.

म्हणजे बघा, एक आवळतोय, एक सोडतोय, आणि दोघांचीही पक्की खात्री की आपण फक्त दुसऱ्यानं केलेला घोळ निस्तरतोय.

एक दिवस भर उन्हात पुलाच्या तोंडाशी गाडी बंद पडली ती पडलीच. मागे हॉर्नचा गोंगाट. भिंगरी चालू करतोय, बंद पडतेय. पुन्हा चालू करतोय, पुन्हा बंद. दवाखान्याचा बर्फ होता. ढकलत ढकलत पोहोचला तेव्हा लाद्यांचे साबणाच्या वड्यांएवढे तुकडे राहिले होते, आणि दवाखान्याच्या माणसानं गोणपाट उचलून आत बघितलं आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं. तसाच तो घरी आला. धाकटा जेवत होता. शेजारचे दोघंतिघं बसलेले.

"मुद्दाम करतोस तू!" भिंगरी दारातूनच ओरडला. "स्क्रू तूच फिरवतोस. माझा धंदा बुडवायचाय तुला. बाप गेला आणि त्याची गाडीही खाल्लीस!"

धाकट्याच्या हातातला घास हातातच राहिला. "दादा, तुझी शपथ घेऊन सांगतो..."

"माझी शपथ नको घेऊस. मला अजून जगायचंय."

माणूस रागात काय बोलेल याला धरबंध नसतो. पण धाकटा ताट सरकवून उठला, हात धुतला, आणि त्या दिवसापासून दोन भावांमधलं बोलणं बंद झालं. एक दिवस, दोन दिवस करता करता दोन वर्षं झाली की हो! एका घरात, एका गाडीवर, एका खिळ्याला लटकणाऱ्या एका किल्लीवर, आणि शब्द नाही.

मग बोलायचं कोणी? भिंगरीच्या बायकोनं. धाकटा समोर बसलेला असायचा, भिंगरी समोर बसलेला असायचा, आणि मध्ये ही.

"वहिनी, त्यांना सांगा, मागचं टायर बसलंय."

"अगं, त्याला सांग, मला डोळे आहेत."

"वहिनी, त्यांना म्हणावं, डोळे आहेत तर हवा भरा."

'दादा' हा शब्द धाकट्याच्या तोंडातून गेला तो गेलाच. 'त्यांना' झालं. भिंगरीला ते पहिल्या दिवशी टोचलं, दुसऱ्या दिवशी टोचलं, आणि मग रोजच टोचत राहिलं. रात्री कूस बदलत तो बायकोला विचारायचा, "आज काही म्हणाला का तो?" बायको म्हणायची, "तुमच्यासमोरच तर म्हणाला." "ते नाही गं, तसं नाही." आणि उठून नळ बघायला जायचा.

गाडी दाखवायचीही राहिली नव्हती. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री वडिलांचा जुना दोस्त. भिंगरीच्या अगदी उलट. इतका संथ, इतका संथ की त्याचा चहा पिऊन होईपर्यंत भिंगरीच्या गॅरेजभर वीस फेऱ्या व्हायच्या. मिस्त्रीनं सगळं पाहिलं. सीट पुढे ढकलली, झाकण उघडलं, कार्बोरेटर खाली उतरवला, जेट फुंकून साफ केले, फ्लोट तपासला, गॅस्केट बदललं, प्लग घासले. चोकची मूठ ओढून पाहिली: झडप मिटते. ढकलून पाहिली: झडप उघडते. छान. स्लो लावून दिला. इंजिन दूध पिऊन झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरायला लागलं.

"ने," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या सकाळी धाकट्यानं नेली, मक्खन चालली. दुपारी भिंगरीनं नेली, काळा धूर. त्यानं स्क्रू आवळला. तिसऱ्या सकाळी धाकट्याच्या हाती शिंका. झालं, येरे माझ्या मागल्या!

असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी मिस्त्रीही वैतागला. हात फडक्याला पुसत म्हणाला, "भिंगरी, तुझ्या गाडीत दोष नाही. दोष तुझ्या घरात आहे. मी लावून दिलेला स्लो तुमच्याकडे एक दिवस टिकत नाही. कोणाचे तरी हात वळवळतात."

भिंगरीला तेवढंच हवं होतं. म्हणजे धाकटाच. आपण स्क्रू फिरवतो ते दुरुस्तीसाठी, आणि तो फिरवतो ते बिघडवण्यासाठी, हे त्याच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं पक्कं झालं. आपलं ते दुरुस्ती आणि दुसऱ्याचं ते कारस्थान, दुसरं काय!

मग एक दिवस संध्याकाळी धाकटा घरी आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "वहिनी, त्यांना सांगा, मला लांब नोकरी लागलीय. कंपनीची बस चालवायची. राहायची खोली तिथंच मिळतेय. परवा निघतोय."

भिंगरी खाटेवर बसून पाय हलवत होता. पाय थांबला. मग आधीपेक्षा जोरात सुरू झाला.

"त्याला म्हणावं, जा," तो म्हणाला. "आणि म्हणावं, एकट्यानं ही गाडी चालवायला मला वेड नाही लागलेलं. उद्याच भंगारात घालतो."

"वहिनी, त्यांना म्हणावं, घाला."

असं दोन वाक्यांत बापाच्या गाडीचं आटोपलं. भिंगरीला काय हवं होतं, ते त्याला नीट ठाऊक होतं: गाडी खड्ड्यात जाऊ दे, पण या पोराला जायला नको. वडील गेले तेव्हा स्मशानातून परत येताना यानंच धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं होतं, मी आहे. आता गाडी होती म्हणून निदान एक किल्ली तरी दोघांच्या हातातून फिरत होती. ती गेली की सगळंच संपलं. पण 'जाऊ नकोस' हे निरोपातून कसं पाठवायचं? 'अगं, त्याला सांग, जाऊ नकोस', असं म्हणायचं? जीभच वळेना.

आणि तेवढ्यात बायकोनं कढई आपटली.

"बास! माझं पोस्ट ऑफिस आजपासून बंद. दोन वर्षं टपाल वाहतेय, ना पगार ना सुट्टी! गाडी मोडीत घालायचीय ना? दोघं मिळून घेऊन जा. वडिलांची होती, दोघांची होती. एकटा कोणी गेला तर मी दार उघडणार नाही, सांगून ठेवते. आणि हे तुम्हा दोघांनाही सांगतेय, पुन्हा पोचवणार नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. भिंगरी चालवायला बसला, सीट खट्कन मागे. धाकटा शेजारी, खिडकीबाहेर तोंड करून. गाडी नेहमीसारखी धडधडत, धूर सोडत चालली होती. प्रत्येक चौकात भिंगरीचा उजवा पाय एकाच वेळी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळत होता: टाच इकडे, बोटं तिकडे. धाकट्यानं एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या पायाकडे बघितलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, असं भिंगरीला वाटलं. सांगणार कोणाकडून? मध्ये बसायला वहिनी नव्हती.

भंगारवाल्याचं आवार गॅरेजच्या पुढे होतं. गाडीनं मात्र तिथवर जायचं मनावर घेतलं नव्हतं. मिस्त्रीच्या दाराशी येऊन ती धप्कन बंद पडली. मिस्त्री चहाचा पेला घेऊन बाहेर आला, आणि दोन भावांना एका केबिनमध्ये बघून पेला तसाच धरून उभा राहिला.

"अरे! दोघं? एकत्र? कोणी गेलं का काय?"

"गाडी चाललीय," भिंगरी म्हणाला. "भंगारात. धक्का द्या जरा, मिस्त्रीकाका, तेवढं पुण्य पदरात घ्या."

मिस्त्रीनं घोट घेतला. "इतकी घाई आहे? दोन वर्षांत तुम्ही दोघं एका वेळी माझ्यासमोर आला नव्हतात. आलाच आहात तर एक गंमत करू. थोरल्या, चालू कर."

भिंगरी धुसफुसला, पण चालू केली. काळा धूर, पेट्रोलचा वास, धडधड, बंद.

"खाली उतर. इथं माझ्याजवळ उभा राहा. धाकट्या, तू बस. आणि भिंगरी, तू त्याच्या हातांवर नजर ठेव. झाकणाच्या खिडकीकडे हात गेला तर मला सांग."

हे सांगायची गरजच नव्हती. भिंगरीचे डोळे धाकट्याच्या हातांना चिकटले होते. आज चोर रंगेहाथ सापडणार! धाकटा पलीकडून सरकून ड्रायव्हरच्या जागी आला. सीट खट्कन पुढे ओढली. किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं आणि फट्, फट्, फट् शिंकून गप्प बसलं. धूर नाही. वास नाही. हात स्टिअरिंगवरचे हलले नाहीत.

"स्क्रूला हात लावला त्यानं?" मिस्त्रीनं विचारलं.

भिंगरीनं पुन्हा एकदा त्या हातांकडे बघितलं. "नाही."

"तू लावलास?"

"मी तर इथं उभा आहे!"

"मग एक गाडी, एक स्क्रू, एक वेळ. तुझ्या हाताखाली पेट्रोल जास्त होतंय, त्याच्या हाताखाली कमी. हे काय भूत आहे?" मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "वजनाचा फरक म्हणावं, तर तूही काही हत्ती नाहीस."

भिंगरी जागच्या जागी नाचायला लागला. काय केलं यानं? आत बसला. तो मीही बसतो. किल्ली फिरवली. तीही मी फिरवतो. आणि मध्ये काय केलं? तो खट् आवाज त्याच्या कानात अजून होता. दिवसातून दोनदा ऐकलेला, इतका सवयीचा की ऐकूच न येणारा आवाज.

"सीट!" तो ओरडला. आणि मिस्त्री 'थांब, थांब' म्हणेपर्यंत हा पुढच्या चाकाच्या आतून गाडीखाली सरपटलाही. स्वच्छ शर्ट घालून! बायकोनं बघितलं असतं तर तिथंच श्राद्ध घातलं असतं. खालून वर मान वळवली की कार्बोरेटरची बाजू दिसत होती. चोकची लहानशी दांडीही दिसत होती.

"मागे घे सीट!" तो खालून ओरडला. "मागे! पार मागे घे!"

वर खट् झालं. चोकची दांडी हलली. कोणी मूठ ओढलेली नसताना, आपली आपण, अर्धी मिटली.

"आता पुढे! पुढे घे! हां! पुन्हा मागे! अरे, लवकर!"

खट्. खट्. दांडी मिटत होती आणि उघडत होती. मिस्त्रीला आजवर ही खोड का सापडली नाही, ते लख्ख झालं. झाकण उघडायचं तर आधी सीट पुढे ढकलावी लागते. आणि सीट पुढे गेली की रोग पळाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भिंगरीला इतका आनंद झाला की धाकट्याशी आपण दोन वर्षांनी सरळ बोलतोय, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"दिसतंय का काही?" वरून धाकट्याचा आवाज आला. "दादा?"

भिंगरीची नजर पुढे सरकली होती.

आता त्याला केबलही दिसत होती. चोकच्या केबलीचा जास्तीचा वेटोळा सीटच्या खालच्या दांड्याला बांधलेला होता, सीटबरोबर मागेपुढे होणाऱ्या त्या दांड्याला. सीट मागे गेली की वेटोळा ताणला जायचा आणि झडप मिटायची. वेटोळा बांधलेला होता लाल वायरीच्या तुकड्यानं. तीन पीळ, आणि टोक आत दुमडलेलं. ती दुमड त्याच्या हाताची होती. जगात दुसरं कोणी तशी दुमड घालत नव्हतं.

त्याला सगळं आठवलं. वडील गेल्यानंतरची ती संध्याकाळ, जुनी केबल तुटली होती. दुकानदाराकडे मापाची नव्हती, लांब होती. धाकटा शेजारी बॅटरी धरून उभा होता. म्हणत होता, "दादा, उद्या मापाची येईल म्हणालाय तो. थांबू या ना उद्यापर्यंत." आणि हा म्हणाला होता, "उद्या कशाला? तू उजेड नीट धर." उरलेली केबल कुठं तरी खोचायची म्हणून त्या दांड्याला बांधली. पाच मिनिटांत काम फत्ते. किती खूश झाला होता तो स्वतःवर!

भिंगरी गाडीखाली पडून राहिला. पाय हलत नव्हता, हात हलत नव्हता. ज्याला लग्नाच्या फोटोपुरतंही स्थिर राहता आलं नव्हतं, तो तेलकट फरशीवर पाठ टेकून आडवा पडला होता आणि त्याला उठवत नव्हतं. बाप गेला आणि त्याची गाडीही खाल्लीस. हे वाक्य कोणाला म्हणालो आपण? शेजाऱ्यांदेखत? जेवत्या ताटावर?

"लागलं की काय याला?" मिस्त्री घाबरून वाकला. धाकटा उडी मारून खाली आला, गुडघ्यांवर बसला आणि तोही आत डोकावला. भिंगरीनं बोट दाखवलं. धाकट्यानं वायर बघितली. मिस्त्रीनं बघितली.

"आयला!" मिस्त्री म्हणाला. "सीटच्या दांड्याला? कोणत्या गाढवानं बसवलीय ही?"

भिंगरीनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी धाकटा बोलला.

"आम्ही बसवली, काका. दोघांनी."

झालं! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाथ घातली असती तरी चाललं असतं. भिंगरीच्या डोळ्यांना खळकन पाणी आलं आणि गाडीखाली असल्यामुळे ते सरळ कानात गेलं.

"दोघांनी नाही," तो खालूनच म्हणाला. आवाज फाटला होता. "खोटं नको बोलूस. मी बसवली. तू नुसता उजेड धरला होतास. थांबू या म्हणत होतास. मीच थांबलो नाही." मग जरा दम खाऊन म्हणाला, "आणि तुला काय काय बोललो. चुकलो मी. दोन वर्षं चुकलो."

धाकटा आणखी खाली वाकला. त्यानं हात आत घातला, भावाचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर ओढलं.

पुढचं काम मिस्त्रीनं त्याच्या गतीनं केलं, म्हणजे भिंगरीचा जीव जायची वेळ आणली. लाल वायर कापली. केबल मापाला तोडून पत्र्याच्या कडेनं नेली, वडिलांच्या वेळी होती तशी. मग सीट पुढे ढकलून झाकण उघडलं आणि स्लो लावला. धाकटा ड्रायव्हरच्या जागी बसला होता, भिंगरी दाराला धरून बाहेर उभा. इंजिन घुरघुरत होतं. आरशात मागचा रस्ता एकच दिसत होता.

भिंगरीनं दाराची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. घसा खाकरला. आजूबाजूला बघितलं. निरोप पोचवायला कोणी नव्हतं.

"थांब," तो म्हणाला.

"कशासाठी?" धाकट्यानं विचारलं. "झालं ना आता काम?"

"कामासाठी नाही. उद्या जातोयस ना, ते... नको जाऊस. थांब."

धाकटा समोरच्या काचेकडे बघत राहिला. भिंगरीला वाटलं, आपण बोललो तेच बहुतेक इंजिनाच्या आवाजात गेलं. पण आता इंजिनाचा आवाज तरी कुठं होता तेवढा! पुन्हा म्हणावं का? जोरात म्हणावं? त्याचा पाय परत हलायला लागला होता.

धाकट्यानं हात खाली नेला आणि सीट मागे ढकलली. खट्. पार मागे, भिंगरीच्या मापाला. दोघांनीही कान दिले. इंजिनाचा सूर बदलला नाही.

मग तो दुसऱ्या दारानं उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि भावासमोर उभा राहिला.

"बस, दादा," तो म्हणाला. "उद्या सकाळी किल्ली खिळ्यावर हवी मला. चल, बर्फ भरायची वेळ झाली."